आठवड्याचं नवल : रोजच्या जगण्यातलं साजरं करायला शिकवणारा एक उपक्रम



शाळेच्या वर्षात साजरे करायचे दिवस काही कमी नसतात. जूनमध्ये प्रवेशोत्सव, मग आषाढीची दिंडी, वृक्षारोपण, स्वातंत्र्यदिन, शिक्षक दिन, हात धुवा दिन, बालिका दिन, विज्ञान दिन. जयंत्या-पुण्यतिथ्या वेगळ्याच. परिपत्रक येतं, आपण फलकलेखन करतो, दोन मुलं पाठ केलेलं भाषण म्हणतात, फोटो निघतो आणि अहवाल जातो. यातले बरेच दिवस महत्त्वाचे आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या सगळ्यांत काय साजरं करायचं हे आधीच कोणीतरी ठरवलेलं असतं. मुलांनी फक्त टाळ्या वाजवायच्या असतात.

घरी वेगळं चित्र नाही. साजरं करणं म्हणजे केक, फुगे, नवे कपडे, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. ज्याच्याकडे पैसे त्याच्याकडे सेलिब्रेशन. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका लहान गावात तिसरीच्या वर्गाला शिकवते. सोमवारी वर्गात विचारलं, “या आठवड्यात तुमच्याकडे छान असं काय झालं?” की ठरावीक तीन-चार मुलं बोलतात. कोणाच्या भावाचा वाढदिवस झाला, कोणाकडे नवी गाडी आली. बाकीच्यांचं उत्तर एकच असतं, “काही नाही बाई.”

हे “काही नाही” मला फार गंभीर वाटतं. आठ वर्षांच्या मुलाने आपल्या घराबद्दल, गावाबद्दल असा निकाल देऊन टाकायचा की इथे सांगण्यासारखं काही नाही! मग हेच मूल निबंधात गाईडमधला मोर उतरवून काढतं. त्याच्या दारातल्या चिमण्या, बुलबुल, कोतवाल यांच्यावर त्याला एक ओळ सुचत नाही, कारण त्या सांगण्यासारख्या आहेत हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आपण म्हणतो मुलांना लिहिता येत नाही. खरं तर लिहिण्याजोगं आपल्याकडे काही आहे यावरच त्यांचा विश्वास नसतो.

त्यासाठी आमच्या वर्गात “आठवड्याचं नवल” हा उपक्रम चालतो. तो इथे सविस्तर देत आहे.

उपक्रम थोडक्यात

इयत्ता : पहिली ते पाचवी
वेळ : शनिवारी परिपाठानंतर ३० मिनिटं
साहित्य : एक साधी वही (आम्ही तिला नवलवही म्हणतो), फळा, खडू
खर्च : शून्य

आठवडाभर मुलांनी आपल्या आजूबाजूला बघायचं. शनिवारी प्रत्येकाने आपलं एक नवल सांगायचं. त्यातलं एक नवल वर्ग मिळून निवडतो. ज्याचं नवल निवडलं जातं ते मूल तारीख घालून स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहितं. मग आम्ही सगळे ती गोष्ट प्रत्यक्ष बघायला जातो किंवा वर्गात करून बघतो. शेवटी प्रत्येकजण नवलवहीत दोन वाक्यं लिहितो. पहिलं वाक्य “मी काय पाहिलं”, दुसरं वाक्य “मला काय प्रश्न पडला”. एवढंच आमचं साजरं करणं.

नियम चार आहेत.

१. नवल विकत आणायचं नाही.
२. ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं. मोबाईलवर पाहिलेलं, कोणाकडून ऐकलेलं चालणार नाही.
३. नवलासोबत एक प्रश्न हवा. “हे असं का होतं?” किंवा “हे कोण करतं?”
४. सक्ती नाही. एखाद्या शनिवारी “आज माझ्याकडे नाही” म्हणायची मोकळीक प्रत्येकाला आहे.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे. नुसतं “किती छान!” म्हटलं की गोष्ट तिथेच संपते. प्रश्न आला की मूल पुन्हा बघायला जातं, आणि दुसऱ्यांदा बघताना त्याला पहिल्यांदा न दिसलेलं दिसतं.

भाकरीचा शनिवार

आमचा भाग ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. भाकरी आमच्याकडे रोज दोन वेळा होते, म्हणूनच ती कोणाला दिसत नाही. एका शनिवारी वर्गात फारसं न बोलणारा एक मुलगा म्हणाला, “बाई, भाकरी फुगती. तिच्यात हवा कोण भरतं?” आधी वर्ग हसला. मग मी विचारलं, “सांगा बरं, कोण भरतं?” तेव्हा सगळे गप्प.

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना आम्ही त्या दिवशी पाहुण्या शिक्षिका म्हणून बोलावलं. चूल पेटलेली होतीच. मावशींनी आधी थंड पाण्यात पीठ मळून दाखवलं. ते थापताना कडा चिरल्या, भाकरी उचलताना तुटली. मग कढत पाण्यात मळलेलं पीठ घेतलं, ती भाकरी नीट थापली गेली. असं का? गव्हाच्या पिठात पाणी घातलं की ग्लुटेन तयार होतं, त्यामुळे कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नसतं. कढत पाण्याने ज्वारीतला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पिठाला धरून ठेवतो. आपल्या आज्यांना स्टार्च हा शब्द माहीत नव्हता, पण पीठ जुनं झालं की “विरी गेली” म्हणून आधण जास्त कडक घ्यायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

पुढचा प्रश्न फुगण्याचा. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाण्याचा हात फिरवतात, ती उलटतात, नंतर जाळावर किंवा निखाऱ्यावर धरतात. दोन्ही बाजू भाजून घट्ट झालेल्या असतात आणि आत ओलावा शिल्लक असतो. त्या पाण्याची वाफ होते. वाफेला जागा जास्त लागते, म्हणून ती वरचा पापुद्रा उचलते. म्हणजे हवा कोणी भरत नाही, पाणीच वाफ होऊन भाकरी फुगवतं. मुलांनी एक गोष्ट स्वतः शोधली. ज्या भाकरीला भेग पडली होती ती फुगली नाही. “बाई, वाफ पळून गेली!” हे वाक्य वर्गातूनच आलं.

आणि त्या न बोलणाऱ्या मुलाने मावशींच्या शेजारी बसून एक छोटी भाकरी थापून दाखवली. त्याची आई रोजंदारीवर जाते, सकाळी लवकर निघते, त्यामुळे तो घरी कधीकधी स्वतः भाकरी करतो. ही गोष्ट त्याने आतापर्यंत कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी आख्खा वर्ग त्याच्याभोवती उभा होता. “काही नाही” म्हणणाऱ्या घरात काय काय असतं ते मुलांना आणि मलाही दिसलं.

आणखी काही नवलं, वर्षभराच्या हिशोबाने

मित्रांनो, सुरुवातीला मुलं फूल आणि फुलपाखरू यापलीकडे जात नाहीत. त्यांना दिशा देण्यासाठी शिक्षकाकडे काही नवलं तयार हवीत. मी वापरते त्यातली काही देते.

*जून.* पहिल्या पावसानंतर मातीत लाल मखमली मृगाचा किडा दिसतो. त्याला हात न लावता पाय मोजायला सांगा. किडा म्हणतो आपण, पण पाय आठ निघतात! कीटकाला सहा पाय असतात. म्हणजे हा कोळ्याच्या कुळातला. पाय मोजण्यात गणितही झालं. याच महिन्यात मातीचा वास येतो. मातीतले सूक्ष्मजीव तयार करतात तो एक पदार्थ या वासामागे आहे. उत्तर प्रदेशातल्या कनौज गावात मातीच्या वासाचं अत्तर काढतात हे सांगितलं की मुलांचा विश्वास बसत नाही.

*जुलै.* अळूच्या पानावर पाण्याचा थेंब. तो पसरत नाही, मोत्यासारखा घरंगळतो. पानावर मेणासारखा थर आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. थेंब जाताना धूळही घेऊन जातो. दहा वेगवेगळ्या झाडांची पानं आणा, प्रत्येकावर एक थेंब सोडा आणि “थेंब राहतो” व “थेंब पसरतो” असा तक्ता करा.

*ऑगस्ट.* पत्त्यातले सहा आकडे. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो तयार करणारे टपाल खात्यातले अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस आणि संस्कृतचे पंडित. पहिला आकडा विभाग सांगतो, आपल्या महाराष्ट्राचा ४. शेवटचे तीन आकडे पत्र कोणत्या पोस्टात जायचं ते सांगतात. आमच्या वर्गाने पोस्टकार्डावर स्वतःलाच पत्र लिहून टाकलं होतं. ते आलं त्या दिवशी पोस्टमन काकांना टाळ्या मिळाल्या.

*सप्टेंबर.* विहिरीवरच्या बाभळीला लटकलेले सुगरणीचे खोपे. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे हा खोपा घराघरात माहीत आहे. पण खोपा विणतो नर! अर्धा विणून झाला की मादी येऊन तपासते, तिला पसंत पडला तर पुढे पूर्ण होतो. हे कळल्यावर मुली जरा जास्तच खूश असतात. खोपा काढून आणायचा नाही, लांबूनच बघायचा.

*ऑक्टोबर.* आठवडाभर चंद्र. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. कोजागरीपासून पुढे सात दिवस उगवण्याची वेळ घरच्यांच्या मदतीने लिहून आणायची. हे नवल शहरातल्या मुलांनाही जमतं, फक्त गच्चीवर जायला हवं.

*डिसेंबर.* चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात. थंडीत शेकोटीजवळ बसून मुलं हे सहज बघू शकतात. लाजाळूचं पान हात लावल्यावर मिटतं, चिंच हात न लावता मिटते. दोघी एकाच कुळातल्या.

*फेब्रुवारी.* हळद. गणवेशावर हळदीचा डाग पडला आणि आईने साबण लावला की तो लाल होतो. वर्गात करायला सोपं आहे. हळदीच्या पाण्यात बुडवून कागद वाळवा. साबणाचं पाणी लावा, लाल. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. पारंपरिक कुंकू हळदीपासून चुन्याच्या साहाय्याने तयार करत, त्याचं कारणही हेच.

*एप्रिल.* माठ. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, त्याचं बाष्प होतं आणि बाष्प होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं. आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ छान गार करतो. मग पावसाळ्यात कमी का करतो? हा प्रश्न मुलांवर सोपवा.

*मे.* शून्य सावली. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. सोलापूरला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान, उभ्या ठेवलेल्या डब्याची सावली नाहीशी होते. पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला असं होतं, पण तेव्हा बहुतेक वेळा आभाळ भरलेलं असतं. सुट्टीचा अभ्यास म्हणून हा एक द्यायलाच हवा. तुमच्या गावाची तारीख वेगळी असेल, ती शोधून सांगा. दिल्लीतल्या मुलांना हे नवल कधीच दिसत नाही, हे सांगायला विसरू नका!

सुट्टीत मामाच्या गावाला जाताना एसटीचंही एक नवल सांगता येईल. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. ज्या लाल गाडीत आपण कंटाळून बसतो तिला एवढा इतिहास आहे.

येणाऱ्या अडचणी

*“अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा?”* हा प्रश्न सहकारी विचारतातच. माझं उत्तर असं की हा अभ्यासक्रमच आहे. परिसर अभ्यासातले पाणी, प्राणी, वनस्पती, अन्न हे घटक यात येतात. नोंद करणं, तक्ता करणं, मोजणं हे गणित झालं. दोन वाक्यं लिहिणं ही भाषा झाली. पाठ घ्यायच्या वेळी “आपण अळूचं पान बघितलं होतं ना?” एवढं म्हटलं की निम्मं काम होतं.

*मुलं खोटं नवल सांगतात.* सांगतात, विशेषतः सुरुवातीला. वर्गात मान मिळतोय म्हटल्यावर साप, वाघ, भूत सगळं येतं. रागवू नका. “चल, आम्हाला दाखव” म्हणा. हळूहळू लहान पण खरी नवलं येऊ लागतात.

*उत्तर आपल्यालाच येत नाही.* बिनधास्त “मला माहीत नाही, शोधूया” म्हणा. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. आमच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायम दोन-तीन प्रश्न असतातच.

*फोटो.* यात मी ठाम आहे. नवलाच्या तासाला फोन कपाटात. फोटो काढायचा म्हटलं की मुलं नवलाकडे न बघता आपल्याकडे बघतात.

*घरात दुःख असेल तर?* यावर जरा थांबून बोलते. एखाद्याच्या घरी आजारपण असतं, कोणाचे वडील कामासाठी सहा महिने बाहेर असतात, ऊसतोडीच्या काळात काही मुलं आजीजवळ राहतात. अशा मुलाला “आनंदी राहा, छान ते बघ” असं सांगणं हा जुलूम आहे. म्हणून चौथा नियम. नवलवहीचं पान कोरं राहिलं तरी चालतं, त्यावर लाल शेरा मारायचा नाही. मुलाने आपला त्रास विसरावा यासाठी हा उपक्रम नाही. त्रासाच्या दिवसांतही मुंग्यांची रांग असते, चंद्र असतो, आणि त्या बघण्याचा हक्क त्याचाही आहे एवढंच. मागच्या वर्षी एका मुलीचं पान महिनाभर कोरं होतं. मग एका शनिवारी तिने लिहिलं, “मुंग्यांच्या वाटेवर मी बोट फिरवलं. मुंग्यांना वाट का सापडेना?” मुंग्या वासाच्या खुणेने चालतात, ती खूण पुसली की त्या गोंधळतात आणि थोड्या वेळाने पुन्हा वाट धरतात. आम्ही सगळ्यांनी व्हरांड्यात बसून दहा मिनिटं ते पाहिलं.

पालकांसाठी

पालकहो, यासाठी शाळेची वाट बघायची गरज नाही. रविवारी रात्री जेवताना प्रत्येकाने एक नवल सांगायचं. अट एकच, सुरुवात मोठ्यांनी करायची. आई, बाबा, आजोबा आधी बोलतील आणि मगच मूल. आपण फक्त मुलांना विचारत राहिलो की ती तोंडी परीक्षा होते. बाबांनी “आज शेतात मोटर बंद केली तेव्हा पहिल्यांदा कोतवाल पक्ष्याचा आवाज नीट ऐकला” असं सांगितलं की मुलाला कळतं, मोठी माणसंही बघतात, त्यांनाही गंमत वाटते.

अमेरिकन शास्त्रज्ञ आणि लेखिका रेचल कार्सन यांचं मुलांच्या कुतूहलावरचं पुस्तक त्यांच्या निधनानंतर १९६५ साली आलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की मुलाचं कुतूहल जिवंत राहायचं असेल तर त्याच्यासोबत नवल वाटून घेणारं निदान एक मोठं माणूस हवं. आणि आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणाचं काम केलं ते शिंपले, बिया, पानं, काड्या अशा परिसरातल्याच वस्तू घेऊन. महागडं साहित्य नव्हतं म्हणून शिक्षण अडलं नाही. आपलंही अडू नये.

काय बदललं?

मोठे दावे करत नाही. वाचन-लेखनाची चाचणी अजूनही घ्यावी लागते आणि काही मुलं अजूनही मागे आहेत. पण आता सोमवारी “छान काय झालं?” विचारलं की हात जास्त वर येतात. लिहिताना मुलं “बाई, कशावर लिहू?” असं कमी विचारतात. निबंधात मोर कमी झालेत आणि कोतवाल, सरडे, माठ वाढलेत. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण वाक्यं त्यांची स्वतःची आहेत. आणि वाढदिवसाला चॉकलेट वाटता न येणाऱ्या मुलाकडेही आता वर्गाला द्यायला काहीतरी असतं.

या शनिवारी एकच करा. वर्गाला घेऊन शाळेच्या आवारात दहा मिनिटं गप्प बसा आणि परत आल्यावर प्रत्येकाला एक वाक्य विचारा. तुमचं स्वतःचं वाक्य मात्र सगळ्यात आधी सांगा.